आवडीचा क्रम आणि निवाड्याचा आधार : कर्णाच्या निमित्ताने

१

कादंबरी, नाटक किंवा महाकाव्य यांतील आवडत्या व्यक्तिरेखांची चर्चा सुरू झाली की ती फार वेळ आवडीपाशी थांबत नाही. ‘मला कर्ण आवडतो’ हे विधान थोड्याच वेळात ‘महाभारतात कर्णाएवढी मोठी व्यक्तिरेखा दुसरी नाही’ या विधानात रूपांतरित होते. वरवर पाहता दुसरे विधान पहिल्याचाच अधिक आग्रही उच्चार वाटतो; परंतु तार्किकदृष्ट्या ती दोन भिन्न जातींची विधाने आहेत. पहिले विधान बोलणाऱ्याविषयी काही सांगते आणि त्याच्या प्रामाणिकपणाखेरीज त्याला अन्य पुराव्याची गरज नसते. दुसरे व्यक्तिरेखेविषयी काही सांगते, इतरांनी ते मान्य करावे अशी अपेक्षा बाळगते, आणि म्हणून त्याला आधार द्यावा लागतो. आधार मागितला गेला आणि तो देता आला नाही, की दुसरे विधान करणारा पुन्हा पहिल्याच्या आश्रयाला जातो व ‘शेवटी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे’ असे म्हणून चर्चा संपवतो.

या ये-जा करण्यामागे एक गृहीतक आहे. व्यक्तिरेखांविषयीचे निवाडे वस्तुनिष्ठ असतील तर त्यांचा एक निश्चित क्रम लावता आला पाहिजे. तसा क्रम लावता येत नसेल तर ते निवाडे निव्वळ अभिरुचीचे ठरतात, असे ते गृहीतक. क्रमवारीचा पुरस्कार करणारा आणि ती हास्यास्पद ठरवणारा असे दोघेही ते स्वीकारतात. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे. सर्वंकष क्रम लावता न येणे आणि निवाड्यांना आधार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मान्य केल्याने दुसरी सिद्ध होत नाही, असे येथे प्रतिपादन आहे. त्यासाठी कर्णाचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे, कारण मराठी वाचकाची आवड या व्यक्तिरेखेवर जितकी जडली आहे तितकी फार थोड्या व्यक्तिरेखांवर जडली असेल. आणि माणसांचा क्रम लावणे हाच मुळी कर्णाच्या कथेचा विषय आहे.

२

अभिरुचीच्या प्रश्नाची आधुनिक मांडणी ज्या दोन तत्त्वज्ञांकडे जाते ते ह्यूम आणि कांट यांपैकी कोणीही ‘आवड म्हणजे आवड’ एवढ्यावर थांबलेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कांटने ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये (१७९०) सुखद आणि सुंदर यांत भेद केला. एखादे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडला तर त्याचे काही बिघडत नाही. पण एखादी वस्तू ‘माझ्यापुरती सुंदर आहे’ असे म्हणणे कांटला विसंगत वाटते, कारण सुंदर म्हणण्यातच इतरांच्या संमतीची मागणी अनुस्यूत असते. त्याच वेळी ही संमती सिद्धान्त मांडून, प्रमेय सिद्ध करावे तशी, मिळवता येत नाही. अभिरुचीच्या बाबतीत सिद्धता देता येत नाही, तरीही वाद घालता येतो, या विप्रतिषेधाची कांटने केलेली नोंद आजच्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी आहे. कांटच्या विवेचनाचा भर संकल्पनानिरपेक्ष अशा स्वायत्त सौंदर्यावर आहे. व्यक्तिरेखेचा आस्वाद मात्र मनुष्य, कृत्य, हेतू, अपराध, निष्ठा अशा संकल्पनांवाचून संभवतच नाही. त्यामुळे येथे कारणे देण्याला कांटने दिली त्याहून अधिक जागा आहे.

ह्यूमने ‘ऑफ द स्टँडर्ड ऑफ टेस्ट’ या निबंधात (१७५७) ‘डॉन किहोटे’मधील एक गोष्ट वापरली आहे. सँको पान्झाच्या नात्यातील दोघांना पिंपातील मद्याची पारख करावयास सांगितले जाते. मद्य चांगले आहे, पण त्याला किंचित चामड्याची चव आहे, असे एक म्हणतो. दुसऱ्याला लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. या गोष्टीचे महत्त्व असे की, चव ही जिभेवर असली तरी ती ज्याची चव आहे ते पिंपात असते. मात्र याच निबंधात ह्यूमने एक सवलतही दिली आहे. वयानुसार आणि स्वभावानुसार लेखक आवडतात. विसाव्या वर्षी ओव्हिड, चाळिसाव्या वर्षी होरेस आणि पन्नाशीत कदाचित टॅसिटस जवळचा वाटेल. माणूस मित्र निवडतो तसाच आवडता लेखक निवडतो, आणि या निवडीत दोष पाहण्याचे कारण नाही. लेखकांच्या बाबतीत दिलेली ही सवलत व्यक्तिरेखांना लावणे स्वाभाविक आहे. तथापि मैत्रीची ही उपमा थोडी पुढे नेली तर तिच्यातून वेगळाच निष्कर्ष निघतो. मित्र कोणी निवडावा हे दुसऱ्याने सांगू नये हे खरे. परंतु मित्राने केलेल्या कृत्याकडे पाहण्याचे नाकारूनच जी मैत्री टिकते, तिच्याविषयी विचारणा करण्याचा अधिकार इतरांना असतो.

३

निवाड्याचा आधार शोधण्यापूर्वी, क्रम नेमका कशाचा लावला जातो हे स्पष्ट व्हावयास हवे. भारतीय परंपरेत नाट्यगत व्यक्तींच्या वर्गीकरणाचा सर्वांत जुना व तपशीलवार प्रयत्न भरताच्या नाट्यशास्त्रात आढळतो. उत्तम, मध्यम आणि अधम अशा तीन प्रकृती तेथे मानल्या आहेत आणि धीरोद्धत, धीरललित, धीरोदात्त व धीरप्रशान्त असे नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत. या प्रकारांचे वाटप लक्षणीय आहे : देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, ब्राह्मण व वणिक धीरप्रशान्त. ही व्यवस्था नाट्यप्रयोगाच्या सोयीसाठी आहे, आणि तिला आजच्या अर्थाने गुणवत्तेची क्रमवारी मानणे अन्यायाचे होईल. तरीही एक इशारा तिच्यातून घेता येतो. व्यक्तिरेखांच्या बाबतीत जे निकष वस्तुनिष्ठ म्हणून पुढे येतात, त्यांत समाजाने माणसांचा आधीच लावलेला क्रम सहज मिसळून जातो, आणि मग तो साहित्याचा क्रम आहे असे भासू लागते.

पाश्चात्त्य समीक्षेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. ए. सी. ब्रॅडली यांनी ‘शेक्सपिअरियन ट्रॅजेडी’मध्ये (१९०४) शोकान्तिकांतील व्यक्तींचा विचार जणू त्या नाटकाबाहेरही जगत असाव्यात अशा आस्थेने केला. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅकबेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्नच निबंधाच्या शीर्षकात घालून या पद्धतीवर हल्ला चढवला. नाटक ही शब्दांची रचना आहे. व्यक्तिरेखा हे त्या रचनेतून काढलेले अमूर्त सार आहे. ते वेगळे काढून त्याच्यावर प्रेम करणे म्हणजे कृतीपासून दूर जाणे होय, असा त्याचा रोख होता. मराठीत मर्ढेकरांची भूमिका स्वीकारली तरी याच ठिकाणी पोहोचावे लागते. सौंदर्य संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी बांधलेल्या रचनेत असेल, तर एकट्या व्यक्तिरेखेचा क्रम लावणे हे रागातील एकाच स्वराला गुण देण्यासारखे ठरेल.

परंतु केवळ रचनेचा विचार केल्याने वाचकाचा प्रत्यक्ष अनुभव स्पष्ट होत नाही. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविषयक विचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून, यांपैकी एकाला टाकून दुसऱ्यावर उभे राहता येत नाही असे दाखवले. व्यक्तिरेखेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. ती रचनेचा घटक असते आणि त्याच वेळी ती लौकिक माणसासारखी प्रेमाला, रागाला, दोषाला पात्र ठरते. म्हणून ‘श्रेष्ठ व्यक्तिरेखा’ या शब्दप्रयोगात तीन प्रश्न एकत्र गुंतलेले असतात : ती व्यक्ती माणूस म्हणून कशी आहे, तिचे चित्रण किती समर्थ आहे, आणि ती वाचकाला किती जवळची वाटते. इयागो माणूस म्हणून नीच आहे, चित्रण म्हणून असामान्य आहे, आणि जवळचा फारच थोड्यांना वाटेल. या तिन्हींचा एकच क्रम लावण्याचा प्रयत्न झाला की गोंधळ अटळ असतो.

४

कर्णाच्या बाबतीत हे तीनही प्रश्न एकमेकांत इतके मिसळले आहेत की त्यांना वेगळे करण्यासाठी संहितेकडे जावे लागते. मराठीत हा प्रसंग १९६७ या एका वर्षी ठळकपणे उभा राहिला. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके त्या वर्षी प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी शिरवाडकरांचे ‘कौन्तेय’ (१९५३) हे नाटक आले होते, आणि पुढे रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) आली. ‘मृत्युंजय’ने कर्णाला लाखो वाचकांच्या जिव्हाळ्याचा विषय केले, ‘युगान्त’ने त्या जिव्हाळ्यापासून दूर उभे राहून त्याच्या आचरणाची परीक्षा केली. एकाच वर्षातल्या या दोन पुस्तकांतील अंतर केवळ अभिरुचीचे आहे काय, हा येथील प्रश्न आहे.

कर्णावरील प्रेमाला भक्कम आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या रंगभूमीवर तो अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याचे कुळ विचारतात. अधिरथ समोर येताच भीम त्याला चाबूक हाती घे म्हणून हिणवतो. कौशल्याचा प्रश्न कुळाच्या प्रश्नाने दडपला जातो. कर्णावर प्रेम करणारा वाचक या क्षणी माणसांच्या जन्मसिद्ध क्रमाविरुद्ध उभा राहतो, आणि त्याचे हे उभे राहणे नैतिकदृष्ट्या योग्यच आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा राधा व अधिरथ यांच्या मायेचा आणि दुर्योधनाच्या मैत्रीचा हवाला देऊन तो नकार देतो. चित्रणाच्या दृष्टीने महाभारतात याच्या तोडीचे प्रसंग थोडे आहेत. सूर्याने सावध केले असताही तो कवचकुंडले इंद्राला देतो, आणि बदल्यात शक्ती मागून घेतो. दातृत्व आणि व्यवहार यांचे हे मिश्रणही त्याला अधिक मानवी करते.

परंतु हाच कर्ण द्यूतसभेत आहे. तेथे द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला, म्हणजे आधी स्वतःला हरलेल्या युधिष्ठिराला तिला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, या प्रश्नाला भीष्मही सरळ उत्तर देऊ शकत नाहीत. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण एकटा उभा राहून ती जिंकली गेलेली नाही असे सांगतो. त्याचे खंडन करावयास कर्ण उठतो. पाच पतींची म्हणून तिला कुलटा ठरवतो, आणि पांडवांची व तिची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगतो. येथे कर्ण मूक साक्षीदार नाही आणि आज्ञाधारक सेवकही नाही. सभेत एका तरुणाच्या तोंडून न्याय बोलू लागलेला असताना तो मोडून काढणारा युक्तिवाद कर्णाचा आहे. ज्याला कुळावरून मोजले गेले, तोच एका स्त्रीला ‘दासी’ या पायरीवर ढकलण्याचे समर्थन करतो.

कर्णप्रेमी वाचक यावर बहुधा स्वयंवराचा दाखला देतो. द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ असे भर मंडपात सांगितले आणि त्या अपमानाची सल सभेत बाहेर पडली, असे ते समर्थन असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हा नकार स्वीकृत संहितेत नाही. तो काही हस्तलिखितांत आढळतो आणि म्हणून पाठभेदांत गेला आहे. अर्थात, पाठभेदही परंपरेचाच भाग असतो, आणि शतकानुशतके ऐकणाऱ्यांनी तो ऐकला आहे. तरी एवढे निश्चित की, कर्णाच्या सभेतील वर्तनाला ज्या प्रसंगाने कारण पुरवले जाते तो प्रसंग चिकित्सेअंती मूळ संहितेचा म्हणून टिकत नाही. कर्णाला क्षमा करण्याची गरज वाचकाला आधी वाटते आणि त्या गरजेतून पुरावा निवडला जातो, असे येथे दिसते.

‘मृत्युंजय’च्या रचनेतही याच जातीची एक गोष्ट आहे. कादंबरीचे निवेदन कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण या सहा व्यक्तींकडे आहे. द्रौपदीला निवेदन नाही. कादंबरीकाराला आपल्या दृष्टिकोनाची निवड करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि हा तिच्यातील दोष म्हणून सांगण्याचा हेतू नाही. पण त्या कादंबरीवर पोसलेली आवड जेव्हा ‘महाभारतातील सर्वश्रेष्ठ व्यक्ती’ अशा विधानाचे रूप घेते, तेव्हा त्या विधानाच्या तळाशी एका स्त्रीचे न ऐकलेले म्हणणे असते. ह्यूमच्या गोष्टीतील किल्ली येथे सापडते.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही आजच्या नीतीची फुटपट्टी जुन्या संहितेला लावणे आहे. संहिता स्वतःच या आक्षेपाला उत्तर देते. सभेत विकर्ण आहे, विदुर आहे. रथाचे चाक जमिनीत रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो, तेव्हा द्रौपदीला सभेत आणले त्या वेळी हा धर्म कोठे गेला होता, असे कृष्ण त्याला विचारतो. खुद्द कर्ण उद्योगपर्वात कृष्णाजवळ कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कठोर बोललो आणि त्याचा आपल्याला ताप होतो. त्या कबुलीत पांडवांचा उल्लेख आहे, द्रौपदीचा नाही. महाभारतकाराची सूक्ष्मता या अपुरेपणातही पाहता येईल. तेव्हा मोजमाप बाहेरून आणलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोष दाखवल्याने व्यक्तिरेखा लहान होते असे मानणे म्हणजे साहित्याला सद्वर्तनाचे प्रमाणपत्र मागणे होय, असा तो आक्षेप. वर सांगितलेला तीन प्रश्नांचा भेद लक्षात ठेवला तर हा आक्षेप लागू होत नाही. सभेतील कर्ण माणूस म्हणून खाली येतो. चित्रण म्हणून तो याच प्रसंगामुळे मोठा होतो, कारण ज्या माणसाला अपमानाचा अर्थ सर्वांत अधिक कळावयास हवा तोच अपमानाचे हत्यार कसे वापरतो, हे महाभारताने लपवलेले नाही. उलट कर्णाला निर्दोष करणारी आवड त्याच्या चित्रणाचे सामर्थ्यच कमी करते. तिला हवा असतो केवळ अन्याय सोसणारा माणूस. महाभारताने दिलेला माणूस त्याहून अवघड आहे.

हा प्रकार एकट्या कर्णापुरता नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) सिंधू दीर्घकाळ आदर्श पतिव्रता म्हणून प्रेक्षकांना प्रिय होती. मृत्यूच्या दारातही नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटा जबाब देणारी ही स्त्री पुढच्या पिढ्यांना, विशेषतः स्त्रीवादी दृष्टीच्या वाचकांना, अस्वस्थ करू लागली. हा अभिरुचीतील बदल होता, वेशभूषेची पद्धत बदलावी तसा, असे म्हणून भागणार नाही. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, आणि दारुड्याच्या संसाराविषयी स्पष्ट बोलणारा तिचा आवाज गडकऱ्यांनीच तेथे ठेवला आहे. सिंधूला केवळ आदर्श मानणाऱ्या आस्वादाला गीतेचे बोलणे विनोदात जमा करावे लागत होते. नंतरच्या वाचनाने ते ऐकले. अभिरुचीचा इतिहास हा असा काही वेळा शिकण्याचाही इतिहास असतो. आणि जेथे शिकता येते तेथे चुकताही येते, म्हणजेच तेथे निवाडा निराधार नसतो.

यावरून आवडीच्या परीक्षेचा एक निकष सुचवता येतो. एखादी आवड टिकण्यासाठी संहितेतील कोणत्या गोष्टी विसराव्या लागतात, हे विचारले पाहिजे. ज्या आवडीला कमी विसरावे लागते ती अधिक साधार. या निकषाने ‘कोण आवडावे’ हे ठरत नाही. आवडीची जबाबदारी मात्र ठरते.

६

आता क्रमाच्या प्रश्नाकडे परत येता येईल. हा निकष स्वीकारला तरी त्यातून व्यक्तिरेखांची यादी तयार होणार नाही. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’तील (१९६२) अंतू बर्वा यांत श्रेष्ठ कोण? दोघे समान आहेत असेही म्हणवत नाही. ते खरोखर समान असते, तर अंतू बर्व्याच्या चित्रणात एखाद्या मार्मिक वाक्याची भर पडताच त्याचे पारडे जड व्हावयास हवे होते; पण तशी भर कल्पून पाहिली तरी तुलना जागची हलत नाही. जोसेफ रॅझ यांनी ‘द मोरॅलिटी ऑफ फ्रीडम’मध्ये (१९८६) मूल्यांच्या अतुलनीयतेची ही खूण सांगितली आहे. दोन्ही चित्रणे ज्या मूल्यांसाठी श्रेष्ठ आहेत ती मूल्येच एका मापात बसत नाहीत. एक तरुण मनाचे विघटन आतून दाखवते. दुसरे विपन्नावस्थेतील माणसाच्या तिरकस बोलण्यातून एका प्रदेशाचे दुःख ऐकवते.

याचा अर्थ तुलना कोठेच शक्य नाही असा नाही. एकाच संहितेतील समान प्रसंगांत, एकाच लेखकाच्या दोन कृतींत, किंवा एकाच व्यक्तीच्या दोन चित्रणांत कारणे देऊन डावे-उजवे ठरवता येते. महाभारतातील कर्ण बहुतेक आधुनिक कर्णांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, हे विधान आवडीचे नाही. त्याच्या बाजूने सभापर्व, उद्योगपर्व आणि कर्णपर्व उघडून दाखवता येतात, आणि कोणी विरोधी पुरावा दाखवल्यास ते मागेही घ्यावे लागेल. निवाडे असे तुटक, स्थानिक आणि सकारण असतात. त्यांना जोडून एक अखंड शिडी तयार होत नाही, कारण मूल्ये अनेक आहेत. हे अनेकत्व वाचकाच्या लहरीतून आलेले नसून साहित्याच्या समृद्धीतून आलेले आहे.

तेव्हा ‘शेवटी आवडीचा प्रश्न आहे’ या वाक्याने चर्चा संपवण्याचा अधिकार क्रमवारी अशक्य असल्यामुळे कोणाला मिळत नाही. ‘मला कर्ण आवडतो’ म्हणणाऱ्याने तेवढेच म्हणून थांबावे, त्याला कोणी अडवू नये. पण त्याने त्यापुढे जाऊन कर्णाच्या मोठेपणाविषयी बोलावयाचे ठरवले, तर द्रौपदीचा प्रश्न, विकर्णाचे उत्तर आणि त्या उत्तरावर कर्णाने केलेले भाषण हे तिन्ही वाचून मग बोलावे. ते वाचल्यानंतरही कर्ण प्रिय राहणे पूर्णपणे शक्य आहे. रंगभूमीवर कुळ विचारले गेलेला तरुण आणि सभेत स्त्रीला दासी ठरवणारा प्रौढ हे एकच आहेत, हे जाणून त्या दोघांनाही एकत्र बाळगणारी आवड त्या व्यक्तिरेखेच्या अधिक जवळची आहे. पहिल्या क्रमांकाची तिला गरज उरत नाही. आणि ज्या माणसाची सारी कथा जन्माने लावलेल्या क्रमाखाली चिरडली गेली, त्याला पुन्हा एका यादीत उभे करण्याचा सोसही तिला राहू नये.